वहिनींचे शेअर, भाऊजींच्या शंका

पुढच्या संवादातली दोन्ही माणसं काल्पनिक आहेत, त्यांच्यापुढचा प्रश्न मात्र खराखुरा आहे. वहिनी साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका खासगी कंपनीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाल्या. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून हातात साठ लाख आले. ईपीएसचं पेन्शन महिना तीन हजार, घर स्वतःचं, खर्च महिना पस्तीस हजार. नवऱ्याला, म्हणजे भाऊजींच्या दादांना, पेन्शन नाही. निम्मे पैसे औषध कंपन्या आणि हॉस्पिटलांच्या शेअरांत घालायचे आणि निम्मे भरपूर डिव्हिडंड देणाऱ्या कंपन्यांत, असा त्यांचा बेत आहे. त्यांचे धाकटे दीर गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्याच्या क्वालिटी विभागात वर्षानुवर्षं होते. त्यांना हा बेत मान्य नाही.

वहिनी : भाऊजी, माझा हिशेब सरळ आहे. माणूस गाडी घ्यायचं पुढे ढकलेल, दिवाळीला नवे कपडे घेणार नाही, पण बीपीची गोळी चुकवणार नाही. आपल्याच घरात बघा. ह्यांची साखरेची गोळी, माझी थायरॉइडची, आणि सासूबाईंचं तर शेवटी औषधांचं वेगळं कपाट होतं. जे विकत घ्यावंच लागतं ते बनवणाऱ्या कंपनीत घातलेले पैसे बुडतील कसे?

भाऊजी : बुडणार नाहीत कदाचित, पण अडकतील. आणि तुमच्या वयाला अडकलेले पैसेही महागच पडतात. सन फार्माचंच घ्या. देशातली सगळ्यात मोठी औषध कंपनी. २०१५च्या एप्रिलमध्ये रॅनबॅक्सी नुकतीच तिच्यात विलीन झाली होती आणि शेअर बाराशेच्या आसपास होता. २०२०च्या मार्चमध्ये तोच शेअर साडेतीनशेच्या खाली गेला. बाराशे पुन्हा दिसायला २०२३ संपत आलं. या आठ वर्षांत लोकांनी गोळ्या घ्यायचं थांबवलं होतं का?

वहिनी : नाही. मग घसरला कशाने?

भाऊजी : एक म्हणजे, हालोलच्या कारखान्याला २०१५च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएचं वॉर्निंग लेटर आलं. ते आलं की त्या कारखान्यातल्या नव्या औषधांच्या मंजुऱ्या अडकतात. दुसरं कारण याहून मोठं. अमेरिकेत जेनेरिक गोळ्यांची जवळजवळ सगळी खरेदी तीन मोठ्या गटांच्या हातात गेली. त्याच सुमाराला तिथल्या सरकारने मंजुऱ्यांचा वेग वाढवला. विकणारे वाढले, विकत घेणारे तीनच उरले, त्यामुळे भाव दरवर्षी खाली. गोळ्या तेवढ्याच खपत होत्या, कधी जास्तही. कंपनीच्या हातात उरणारा पैसा मात्र आटला.

वहिनी : तुम्ही आतले म्हणून तुम्हाला भीती जास्त वाटते.

भाऊजी : आतला म्हणूनच सांगतो. अमेरिकेचे इन्स्पेक्टर येतात तेव्हा काय होतं ते बाहेरच्यांना कळत नाही. ते तयार गोळ्या फारशा बघत नाहीत. थेट लॅबमध्ये जातात, एचपीएलसी मशीनपुढे बसतात आणि ऑडिट ट्रेल उघडतात. कोणत्या नमुन्याची चाचणी किती वाजता लावली, पहिला निकाल नापास आला म्हणून कोणी दुसऱ्यांदा लावली का, पहिली फाइल कोणाच्या लॉगिनवरून पुसली, असं सगळं विचारतात. कचऱ्याच्या पिशव्या उघडून फाडलेले कागद जुळवतात. जाताना ते फॉर्म ४८३, म्हणजे आक्षेपांची यादी, हातात ठेवतात. त्यावर तीन निरीक्षणं असली तर आमचा जीव भांड्यात पडायचा, पण त्या तिन्हींतलं एक डेटाबद्दलचं निघालं की पुढची दोन वर्षं गेलीच म्हणून समजा. आता मला सांगा, साताऱ्यात बसून तुम्हाला हे आधी कुठून कळणार? जपानच्या दाइची सांक्योलाही कळलं नव्हतं. त्यांनी २००८च्या जूनमध्ये रॅनबॅक्सीचे शेअर ७३७ रुपयांनी घ्यायचं ठरवलं आणि सप्टेंबरात अमेरिकेने देवास आणि पांवटा साहिबच्या औषधांना बंदी घातली. २०१३मध्ये कंपनीने गुन्हा कबूल करून पन्नास कोटी डॉलर भरले.

भाऊजींचं हे बोलणं मला महत्त्वाचं वाटतं. शेअरबाजाराबद्दल लिहिणारे बरेच जण औषध कंपन्यांना सरसकट ‘सुरक्षित’ म्हणून मोकळे होतात. आजारपण येणार हे पक्कं आहे, पण त्यातून कोणाला किती नफा होणार हे पक्कं नाही. या दोन गोष्टींची गल्लत निवृत्त माणसाला परवडत नाही. पण वहिनी हिशेबनीस आहेत, एका उदाहरणाने हार मानणाऱ्यातल्या नाहीत.

वहिनी : बरं, परदेशी माल पाठवणाऱ्या नको. इथेच विकणाऱ्या घेते. आपल्याकडच्या डॉक्टरांनी एकदा एका ब्रँडची गोळी लिहून दिली की माणूस ती दहा-दहा वर्षं बदलत नाही. ह्यांनी कधी बदलली? दुकानदाराने दुसरी दिली तर घरी आणून माझ्यावरच चिडतात.

भाऊजी : हे म्हणणं बरंच खरं आहे. रोज घ्यायच्या गोळ्यांचा देशातला धंदा निर्यातीपेक्षा शांत असतो. पण तिथे सरकार मध्ये असतं. २०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे आवश्यक औषधांच्या यादीतल्या गोळ्यांचे भाव घाऊक महागाईला बांधलेले आहेत. २०२३च्या एप्रिलमध्ये १२.१२ टक्के वाढ मिळाली, कंपन्या खूश झाल्या. पुढच्या एप्रिलमध्ये किती मिळाली सांगू? ०.००५५१ टक्के. यादीबाहेरच्या औषधांचे भाव वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवता येतात, म्हणून कोणत्या कंपनीचा किती माल यादीत आहे ते बघावं लागतं.

वहिनी : ते बघता येईल, वार्षिक अहवालात असतं. आता हॉस्पिटलांचं ऐका. मला वाटतं मी इथे तुमच्यापुढे एक पाऊल आहे. म्हातारपणी माझा सगळ्यात मोठा खर्च कोणता? दवाखान्याचा. तो दरवर्षी वाढणार. मग ज्या हॉस्पिटलचं बिल वाढणार त्याच्याच शेअरात थोडे पैसे असू द्यावेत. बिल वाढलं तर शेअरही वाढेल. सरकारने भाव कमी केले तर शेअर पडेल, पण माझं बिलही कमी होईल. दोन्ही बाजूंनी माझी तोंडमिळवणी होते.

भाऊजी : विचार चांगला आहे. असं झालेलंही आहे. २०१७च्या फेब्रुवारीत औषध किंमत प्राधिकरणाने हृदयातल्या स्टेंटची कमाल किंमत बांधली. औषध लावलेला स्टेंट लाख-सव्वा लाखापर्यंत लावत होते, तो २९,६०० वर आला. साधा ७,२६० ला. पेशंट सुटला, हॉस्पिटलांच्या आणि स्टेंटवाल्यांच्या नफ्याला चटका बसला.

वहिनी : म्हणजे माझं म्हणणं बरोबर.

भाऊजी : दिशा बरोबर, माप चुकतं. तुमच्याकडे तीन लाखांचे हॉस्पिटलचे शेअर आहेत असं धरू. ते वर्षात पंधरा टक्के वाढले तर पंचेचाळीस हजार झाले. आणि दादांना रात्री दोन वाजता पुण्याला हलवायची वेळ आली तर बिल पाच-सहा लाखांचं. ते सकाळी काउंटरवर भरायचं. त्या दिवशी बाजार चढलेला आहे की पडलेला, हे कोण बघणार? त्याला उपाय मेडिक्लेम आणि एफडीतली रोकड. २०२५च्या २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला. त्याच वर्षीच्या जानेवारीत विमा नियामकाने कंपन्यांना सांगितलं की ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आम्हाला विचारा. सत्तरी ओलांडली की उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कार्ड निघतं. हे सगळं आधी करून घ्या, मग शेअरांकडे वळू.

वहिनी : ह्यांचा मेडिक्लेम आहे, तीन लाखांचा.

भाऊजी : आजच्या भावात तो अपुरा आहे.

हॉस्पिटलच्या शेअरांबाबत मी भाऊजींच्या बाजूचा आहे, पण वहिनींचं सूत्र मनात ठेवण्यासारखं आहे. ज्या खर्चाची भीती वाटते त्याच क्षेत्रात थोडी भागीदारी ठेवायची, हे दहा-पंधरा वर्षांच्या पल्ल्यासाठी ठीक. रात्री दोन वाजताच्या बिलासाठी त्याचा उपयोग नाही. खरा वाद पुढे डिव्हिडंडवरून पेटला, आणि तिथे वहिनींच्या हाती जुना अनुभव होता.

वहिनी : कोल इंडिया २०१०मध्ये बाजारात आली तेव्हा मी घेतली. इश्यूचा भाव २४५, आम्हा लहान गुंतवणूकदारांना पाच टक्के सवलत, म्हणजे २३२ रुपये ७५ पैसे. २०१४च्या जानेवारीत एकदम शेअरमागे २९ रुपये आले. आजवरचे सगळे डिव्हिडंड माझ्या वहीत लिहिलेले आहेत. मी घातले होते तेवढे पैसे केवळ डिव्हिडंडमधून परत आले आणि शेअर अजून माझ्याकडे आहेत. तुमच्या बँकेतल्या एफडीने असं केलंय?

भाऊजी : नाही केलं. पण त्याच वहीचं दुसरं पान उघडा. २०२०च्या ऑक्टोबरात तो शेअर किती होता?

वहिनी : सव्वाशेच्याही खाली.

भाऊजी : दहा वर्षं धरून निम्मा झाला होता. आणि २०१९-२० या वर्षाचा डिव्हिडंड किती?

वहिनी : बारा रुपये.

भाऊजी : एकोणतीसवरून बारा. तेव्हा तुमचा पगार चालू होता म्हणून तुम्ही फक्त वहीत लिहून ठेवलंत. त्यावर किराणा भरायचा असता तर? किराणावाला एकोणतीसचे बारा करत नाही. आणखी एक लक्षात घ्या. सरकारी कंपन्यांना सरकारचाच नियम आहे, नफ्याच्या निदान तीस टक्के किंवा नक्त मालमत्तेच्या चार टक्के, यातलं जे जास्त ते वाटा. म्हणजे नफा घसरला की वाटपही घसरणार. आणि खासगी कंपनीतही बोर्डावर मालकाची गरज जड होते. वेदांताने २०२२-२३मध्ये शेअरमागे १०१ रुपये ५० पैसे वाटले. टक्केवारी बघून लोक हुरळले. त्याच वेळी लंडनच्या मूळ कंपनीला कर्जाचे हप्ते फेडायला रोकड हवी होती. तो पैसा त्या गरजेतून मिळालेला होता, पुढच्या वर्षी तेवढा मिळायचं कारण नव्हतं.

वहिनी : जास्त यील्ड म्हणजे धोका, हे मला मान्य. भाव पडला की बारा रुपयेसुद्धा दहा टक्के दिसतात. आणि ते ‘दोनशे टक्के लाभांश’ असं छापतात ना, त्यालाही मी फसत नाही. एक रुपयाच्या दर्शनी किमतीवर दोनशे टक्के म्हणजे दोन रुपये. बाजारात तो शेअर हजाराचा असेल तर पाव टक्कासुद्धा नाही.

भाऊजी : मग तुमच्या बेताला तेच गणित लावा. औषधवाल्या मोठ्या भारतीय कंपन्या नफा धंद्यातच परत घालतात. सनने त्या पडत्या वर्षांत शेअरमागे एक ते चार रुपये दिले. ॲबट इंडिया, सनोफी, फायझर यांसारख्या परदेशी मालकांच्या कंपन्या जास्त देतात, पण त्यांचे भावही तसेच असतात. अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सन साठहून अधिक वर्षं दरवर्षी डिव्हिडंड वाढवत आलीय, म्हणून तिथल्या म्हाताऱ्यांना औषध आणि डिव्हिडंड एकाच ताटात मिळतात. आणि तिथेसुद्धा फायझरने २००९मध्ये वायथ घेताना डिव्हिडंड निम्मा केलाच. आपल्याकडे आरोग्याच्या तीस लाखांवर अर्धा टक्का धरा, पंधरा हजार. डिव्हिडंडवाल्या तीस लाखांवर पाच टक्के धरा, दीड लाख. झाले एक लाख पासष्ट हजार. पेन्शन सोडून तुम्हाला वर्षाला लागतात तीन लाख चौऱ्यांशी हजार. निम्मेसुद्धा होत नाहीत.

वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. हिशेबनीस माणसाला आकडा चुकल्याचं सांगावं लागत नाही.

वहिनी : बरं. तुमचं गणित मांडा.

भाऊजी : पहिले तीस लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. मर्यादा तेवढीच आहे. २०२३च्या एप्रिलपासून दर ८.२ टक्के आहे आणि पैसे घातल्या दिवशीचा दर पाच वर्षांसाठी बांधला जातो. दर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिना साडेवीस हजार. पेन्शन धरून साडेतेवीस. कमी पडतात साडेअकरा हजार, वर्षाचे एक लाख अडतीस हजार. एवढीच तूट उरलेल्या तीस लाखांनी भरायची.

वहिनी : मग तीसही एफडीत का नको घालू? तुमच्या बोलण्याचा रोख तोच आहे.

भाऊजी : आज चालेल. पण...

वहिनी : पण बारा वर्षांनी नाही, हेच ना? सहा टक्के महागाई धरली तर पस्तीस हजाराचे बारा वर्षांत सत्तर हजार होतात. पोस्टाचे साडेवीस तेव्हाही साडेवीसच, दर कमी झाला तर त्याहून कमी. माझ्या आईने नव्वदी गाठली, भाऊजी. मला तीस वर्षांचा विचार करायचाय. म्हणून मला शेअर हवेत, आणि मी सट्ट्यासाठी ते मागत नाही. शिवाय तुम्ही म्हणाल की डिव्हिडंड कशाला, साधा इंडेक्स फंड घ्या आणि लागतील तेवढी युनिटं विका. २०२०च्या २३ मार्चला निफ्टी ७,६१० वर होता, जानेवारीत बारा हजारांवर. त्या आठवड्यात घरखर्चासाठी युनिटं विकायला माझा हात धजावला असता का? घाबरून सगळीच विकली असती, नाहीतर काहीच विकली नसती आणि उसने मागितले असते. डिव्हिडंड आला की विकायचा प्रश्नच मनात येत नाही.

भाऊजी : पण त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना सांगितलं होतं की २०१९-२०च्या नफ्यातून डिव्हिडंड वाटू नका. ज्यांनी बँकांच्या डिव्हिडंडवर भिस्त ठेवली त्यांच्या हाती त्या वर्षी काही आलं नाही. आणि डिव्हिडंड आकाशातून पडत नाही. ज्या दिवशी शेअर एक्स-डिव्हिडंड होतो त्या दिवशी भाव तेवढ्याने उतरतो. शेअर विकून दहा हजार काढले काय आणि डिव्हिडंडने दहा हजार आले काय, कागदावर एकच.

वहिनी : कागदावर एकच असेल, माझ्या मनाला एक नाही. आणि पैसे माझं मन सांभाळणार आहे, कागद नाही.

इथे मला वहिनींचं म्हणणं जास्त पटतं. अर्थशास्त्राच्या पुस्तकी हिशेबात भाऊजी चूक नाहीत. पण निवृत्त माणसाचा सगळ्यात मोठा तोटा बहुधा पडत्या बाजारात विकल्याने होतो, आणि डिव्हिडंड त्या क्षणी हात आवरायला मदत करतो. त्याची किंमत कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. कराच्या बाबतीतही भाऊजींचा आक्षेप वहिनींना लागू पडला नाही.

भाऊजी : कराचं बघितलंत का? २०२०च्या एप्रिलपासून डिव्हिडंड तुमच्याच उत्पन्नात धरला जातो. आधी कंपनी कर भरायची.

वहिनी : बघितलं. २०२५-२६पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत कर नाही. माझं सगळं मिळून चार लाखांच्या आसपास. मला डिव्हिडंडवर शून्य. एका कंपनीकडून वर्षात दहा हजारांहून जास्त आले तर दहा टक्के टीडीएस कापतील, म्हणून टीडीएस कापू नये असं सांगणारा फॉर्म भरून द्यायचा. उलट युनिटं विकून होणाऱ्या तुमच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के आहेत, तिथे बारा लाखांची ती सूट चालत नाही.

भाऊजी : हे मान्य. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला डिव्हिडंड महाग पडतो, तुम्हाला नाही. मग उरलेल्या तिसाचं असं करू. आठ लाख एफडीत, त्याला हात फक्त दवाखान्यासाठी आणि पडत्या वर्षांसाठी. बावीस लाख शेअरांत, पण दोन वर्षांत थोडे थोडे करून. त्यातले निम्मे इंडेक्स फंडात.

वहिनी : निम्मे तुमच्या मनासारखे, निम्मे माझ्या. माझ्या अकरा लाखांत चार आरोग्याचे, सात डिव्हिडंडचे. एका कंपनीत एक लाखाच्या वर नाही. आणि डिव्हिडंडवालीत मी यील्ड शेवटी बघणार. आधी दहा वर्षांत एकदाही वाटप निम्म्यावर आलंय का ते, मग कर्ज किती, मग नफ्यातला किती हिस्सा वाटते ते. सगळाच नफा वाटणारी मला नको.

भाऊजी : या चाळणीतून तुमची कोल इंडिया गळते.

वहिनी : गळते. नव्याने घेणार नाही. आहे ती विकणारही नाही.

भाऊजी : आणि दादांचे ते कागदी शेअर? ट्रंकेतले?

वहिनी : त्यातल्या दोन कंपन्यांचा डिव्हिडंड कित्येक वर्षं आलेला नाही. जुना पत्ता, बंद झालेलं बँक खातं.

भाऊजी : सात वर्षं डिव्हिडंड कोणी घेतला नाही तर तो आणि मागोमाग शेअरही सरकारच्या आयईपीएफ निधीत जातात. परत मिळतात, पण अर्ज, दाखले, सह्या, महिनोन्‌महिने. आधी ते डीमॅट करा, दोघांची नॉमिनेशनं करा. नवे शेअर त्यानंतर.

वहिनी : सोमवारी ते काम काढते. आणि कोल इंडियाचा डिव्हिडंड यापुढे मी घरखर्चात धरणार नाही. ह्यांचा मेडिक्लेम दहा लाखांचा करून घेते, त्याचा वाढीव हप्ता त्या डिव्हिडंडमधून जाईल.

भाऊजी : आणि एखाद्या वर्षी आलाच नाही तर?

वहिनी : मग एफडी आहेच की. त्या वर्षीचा हप्ता तिथून भरीन.